रुक्माचा चीक, प्राचीचं हाड

रुआबांधा, भिलाई
रविवार

ती. सिंधुताईस, धाकट्या शालिकरामचा (वय वर्षे चौऱ्याहत्तर) वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत, एवढंच म्हणता येईल. तुमसरला आपल्या शाळेमागचं बकुळीचं झाड अजून उभं आहे का, तेही कळव.

ताई, मी प्राचीचं हाड खाल्लं. घाबरू नको, नात धडधाकट आहे. फक्त माझ्याशी बोलत नाही. रुक्मा पडली, तिच्या खुब्याचं हाड जुळलंच नाही आणि ती गेली, तेव्हापासून आजीवेड्या या पोरीनं हाडाचाच ध्यास घेतलाय. रायपूरच्या कॉलेजात ती गव्हाचा चीक आणि हाडात असतो तसला क्षार एकत्र करून जाळीदार चकत्या बनवते. पुढेमागे मोडक्या हाडात अशी चकती बसवली, की तिच्या छिद्रांत नवं हाड भरत जाईल आणि चकती हळूहळू विरघळेल, असं तिचं म्हणणं. (म्हणजे हाडाला बांधलेलं मचानच. कारखान्यात भट्टीभोवतीचं मचान उतरवायला आम्हाला आठ माणसं लागायची. काम झालं की न सांगता निघून जाणं, ही रीत मी फक्त रुक्माची पाहिली.)

बाजारच्या चिकाच्या चकत्या तडकायच्या. म्हणून रुक्मानं वाळवून ठेवलेल्या चिकाची पुरचुंडी मी दिली आणि शिजवताना ढवळायलाही बसलो. ढवळण्याचं रुक्माचं माप तूच तिला शिकवलेलं: चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता संथ चालीत संपेपर्यंत हात थांबवायचा नाही. एकही चकती तडकली नाही. वाळवणं कॉलेजात झालं, त्यामुळे तयार माल मी पाहिला नव्हता.

मागच्या रविवारी बारा चकत्यांचा डबा ओट्यावर ठेवून प्राची सुपेल्याच्या बाजारात गेली. मी डबा उघडला आणि मला भरून आलं. रुक्माच्या पापड्या! अजून उरल्यात! (त्या संक्रांतीलाच संपल्या, हे आठवलं नाही.) बाराही तळल्या. फुलेनात, काळ्या पडल्या. जन्मभर त्या बाईच्या भाजीत मी मीठ कमी-जास्त काढलं; म्हटलं, आज नावं ठेवायची नाहीत. आठ खाल्ल्या, ताई. आठवीला दाढ गेली.

प्राचीनं कढई पाहिली. "आबा, ये क्या किया! ते पापड नव्हते, हाड होतं! परीक्षकांसमोर मशीनवर दाबून दाखवायचं होतं मले!"

"मजबूत आहे," मी म्हटलं, "माझ्या दाढेला विचार."

ती रडली. मग मीही.

तीन आठवड्यांनी परीक्षक येणार, त्यावर तिची शिष्यवृत्ती. प्रायश्चित्त म्हणून मी चिकासाठी गहू भिजवले आणि रोज पाणी बदलायचं विसरलो. चौथ्या दिवशी शेजारचे भैय्याजी नाक धरून आले, "काकाजी, कुछ मर गया क्या?" मी म्हटलं, हो, मागच्या वर्षी.

तुझा,
शालिक

ता. क. तुझ्याकडे या उन्हाळ्याचा चीक असेलच. दोन वाट्या घेऊन लगेच ये. नदीच्या कवितेचं तिसरं कडवंही आण. मला ते आठवेनासं झालंय.

आणखी एक. रुक्माच्या चिकाची दुसरी पुरचुंडी घरातच आहे. मी ती कपाटात स्वेटरखाली लपवलीय, आणि प्राचीबरोबर मीही ती घरभर शोधून राहिलो. तू वेळेत आलीस तर बरं. नाहीतर मी काढून देईन. गाठ मात्र प्राचीनंच सोडावी. ती रुक्माच्या हातची आहे.