दुसऱ्या खंडाची पानं

डॉमनिक,

पातेल्यात सुरमईचं कालवण आहे, भात तू लाव. मी दहिसरला बहिणीकडे, ग्रेटाकडे जातेय. रविवारी थेट चर्चमध्येच भेटू.

गेल्या शतकातल्या त्या मोठ्या कॅथलिक धर्मपंडिताचं वाचायला सुरुवात कुठून करू, असं मी चर्चच्या अभ्यासमंडळात विचारलं होतं. फादर म्हणाले, प्रवचनांचं छोटं पुस्तक घे. तू सगळ्यांदेखत हसलास. "ती चोपडी पोरांसाठी. वाचायचा तर मुख्य ग्रंथ, पहिल्या खंडापासून. मी पाचही खंड वाचलेत, पण हिला नाही झेपायचं."

मग मीही हट्टाला पेटले. तू वाचलेस म्हणतोस ते तुझ्या काकांचे खंड कपाटातून काढले. जुनी विलायती छपाई, पानं कडेला जोडलेली, सुरीनं कापल्याशिवाय उघडतच नाहीत. पहिला खंड मी एकेक पान कापत वाचला, चार महिने लागले. मग बाकीचे चार काढून बघितले, तर तेही तसेच बंद! पाच खंड तू काय बाहेरून हुंगलेस?

मी कुणाला एक शब्द बोलले नाही. फक्त फादरना सांगितलं, की या रविवारी मिस्सानंतर दुसऱ्या खंडावर डॉमनिक तासभर बोलेल, त्याला सगळं तोंडपाठ आहे. त्यांनी बोर्डावर तुझं नाव लावलंसुद्धा. मी पहिल्या रांगेत बसणार आहे, प्रश्न लिहून घेऊन.

आज शुक्रवार आहे. दुसरा खंड जेवणाच्या टेबलावर ठेवलाय. सुरीला धार लावून ठेवलीय शेजारीच.

सबिना