दाढ भरलेली सायकल

१४ मार्च, शनिवार

प्रिय बाबा,

(‘बाबा’ सवयीनं आलं. हरकत असेल तर खोडून पुढे वाचावं. माजी मंत्र्याला निदान बंदोबस्त तरी मिळतो. माजी जावयाला साधा मायनासुद्धा कुणी ठरवून दिलेला नाही.)

साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत उत्तम आहे असं धरून चालतो. माझीही आहे, आजारी आहे ती प्रतिष्ठा. त्याबद्दलच तक्रार नोंदवायची आहे, आणि ती भिंतीला टेकून, चष्मा लावून, गंभीरपणे वाचली जावी अशी अपेक्षा आहे.

हल्ली मी ज्या सायकलवर फिरतो तिची सीट मला चार बोटं उंच आहे. चार बोटांनी काय बिघडतं, असं उंच माणसं विचारतील. सिग्नलला थांबलं की माझा पाय जमिनीला पोचत नाही, म्हणून मी विजेच्या खांबाला मिठी मारतो. आमच्या चौकात माझ्या आणि त्या खांबाच्या संबंधांची आता उघड चर्चा होते. जिथे खांब नसतो तिथे मी कलंडतो, सावकाश, काठावरच्या बहुमताच्या सरकारसारखा. परवा एका आजींनी हात धरून मला रस्ता ओलांडून दिला. सायकलसकट. पलीकडे पोचल्यावर म्हणाल्या, “बाळा, आधी लहान सायकलवर शिकावं.” बाळाचं वय बावन्न.

सायकल म्हणाल तर माउंटन बाईक, तीसेक वर्षांपूर्वीची. जांभळ्यातून हिरव्यात उतरणारा रंग; त्या काळी तो सगळ्यांच्याच अंगावर असायचा, आज फक्त सायकललाच शोभतो. पोलादी फ्रेम, बारीक नळ्या. आजच्या सायकलींसारखं दुधी भोपळे जोडल्यागत काम नाही. पुढे-मागे स्प्रिंग नाही, त्यामुळे खड्डा थेट मणक्याला येऊन भेटतो, मध्ये दलाल नाही. गिअर अंगठ्यानं ढकलायचा आणि तो ‘टक्क’ करून बसला की जगात निदान एक गोष्ट जागेवर आहे असं वाटतं. कॉलेजात असताना अशा सायकलसाठी दुकानाच्या काचेला नाक लावून उभा राहायचो. तेव्हा परवडत नव्हती. आता परवडते तर झेपत नाही. मधल्या काळाला संसार म्हणतात.

लोक विचारतात, या भंगारात तुला काय दिसतं? मी म्हणतो, हिच्यात असं काहीच नाही जे मला कळत नाही. फोन बिघडला की मला दुकानात जावं लागतं. मन बिघडलं की मी लेख लिहितो, असं तुमची लेक म्हणायची. पण हिचा ब्रेक बिघडला तर दोन पाने आणि एक दुपार पुरते. शिवाय नवी वस्तू घेतली की माणूस नुसता मालक होतो. जुनी घेतली की रांगेत उभा राहतो, आधीच्या मालकांच्या मागे. हँडलची रबरं कुणाच्या तरी तळव्यांनी झिजलेली असतात. आपण आपले तळवे त्याच खळग्यांत ठेवतो.

तर ही मी घेतली जुन्या सायकलींच्या त्याच दुकानदाराकडून, ज्याला आपण ‘होईल-होईल’ म्हणायचो. सीट खाली घ्यावी म्हटलं तर सीटची दांडी हलेना. त्यानं तेल सोडून पाहिलं, बर्फ लावून पाहिला, पकडीत धरून पिळली, शेवटी एक शिवी घालून पाहिली. मग म्हणाला, “आत धरलीय. कापावी लागेल. होईल.” मी करवत खाली ठेवायला लावली.

आता हे तुम्हाला मी काय सांगणार? दर सहा महिन्यांनी दांडी उपसायची, पुसायची, ग्रीस लावून परत घालायची. नाहीतर पोलादाच्या नळीत अ‍ॅल्युमिनियमची दांडी अशी धरते की शेवटी करवतच. हे तुम्ही मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. (यावर संसाराची उपमा सुचते आहे, ती गिळतो. तिचे पैसे मला वर्तमानपत्र देतं.)

म्हणून मला भीती वाटली, बाबा. सीट उंच आहे याची नव्हे.

पानभर चकवे देऊन झाले, आता सांगतो. या सायकलच्या हँडलखाली, कंपनीची पट्टी असते तिथे, एक टवका उडालेला आहे आणि तो पांढऱ्या कशानं तरी बुजवलाय. होईल-होईल म्हणाला, “कुणा येड्यानं सिमेंट भरलंय बघा.” ते सिमेंट नव्हतं. दाढ भरलेली सायकल जगात एकच आहे, आणि ती भरली तेव्हा टॉर्च मी धरला होता. तुम्ही दवाखान्यातला छोटा आरसा घेऊन बसला होतात आणि सायकलला म्हणाला होतात, “आ कर.”

ज्या माणसानं शंभर जणांना ग्रीसचं प्रवचन दिलं, त्याच्या स्वतःच्या सायकलची दांडी धरते? म्हणजे निदान दोन पावसाळे तुम्ही तिला हात लावला नाहीत. आणि मग विकून टाकलीत. मला सांगितलं नाहीत, ते ठीकच. मी आता तुमचा कोण? कोर्टाचा निकाल लागला आणि तुम्ही रविवारी सायकली खोलायला यायचे बंद झालात. मी म्हटलं, बरोबर आहे, बापानं लेकीच्या बाजूला उभं राहायचं असतं. मीही फोन केला नाही. त्यालाही मी समजूतदारपणाच म्हणत होतो. दोन समजूतदार माणसांनी ठरवलं तर काहीही मोडता येतं.

मंगळवारी तुमची लेक आली होती, तिची राहिलेली पुस्तकं न्यायला. दारातच थांबली.

“ही बाबांची आहे.”

“होती.”

“मला म्हणाले दुरुस्तीला दिलीय.”

“मग दुरुस्तीलाच आलीय असं समज.”

ती सायकलशेजारी फरशीवरच बसली. म्हणाली, “त्यांच्या कामाच्या टेबलावर चादर घातलीय. विचारलं तर म्हणतात, धूळ बसते. दिवसभर खिडकीत बसतात रे. तू फोन का केला नाहीस त्यांना?”

“तुला आवडलं नसतं.”

“मला विचारलंस?”

“आपण तेव्हा विचारण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. पातेली वाटून घेत होतो.”

“अरे गाढवा,” ती म्हणाली (फार दिवसांनी ऐकलं, बरं वाटलं), “घटस्फोट मी घेतला. त्यांनी कशाला घ्यायचा?”

मी उठलो. पुस्तकांची पिशवी खाली गाडीपर्यंत पोचवून आलो.

तर विनंती अशी. सायकल परत देत नाही. मी काही संत नाही, आणि ती मला आवडते. पण ही दांडी तुमच्याखेरीज कुणाच्या बापाला निघायची नाही. पुढच्या रविवारी या. चहा मी करीन, तो अजून तितकाच वाईट होतो. नाही आलात तर मी खांबांना मिठ्या मारत राहीन, आणि एक दिवस त्यातला एखादा हो म्हणेल.

तुमचा
(हे मात्र खोडू नये.)


१९ मार्च

चि. लेखक यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर माझ्याहून वाईट आहे, आणि डॉक्टर मी आहे.

करवत लावायची नाही. सायकल उलटी कर, पायडलचा आस काढ, तिथून नळीत तेल सोड. रोज थोडं. ओढत बसू नकोस. दाढ ओढून निघत नाही, हलवून निघते.

तू लिहिलंस ते अर्धंच खरं. पहिले काही रविवार मी लेकीसाठी आलो नाही. पुढचे नाही. माझा उजवा हात थरथरतो. आधी कप वाजायला लागला, मग पाना निसटायला लागला. आता ब्रेकची तार ओवता येत नाही. जन्मभर लोकांच्या तोंडात सुया घातलेल्या माणसानं हे कुणाला सांगायचं? लेकीला सांगावं तर ती तपासण्यांच्या रांगेत उभं करील. तुला सांगावं तर तू विनोद करशील. सायकल समोर दिसायची, म्हणून घालवली.

विनोद करायचा तर समोर कर. रविवारी येतो.

चहा घरून आणीन.


२५ मार्च, बुधवार

प्रिय बाबा,

समोर बोलायचं राहिलं ते लिहितो. समोर मला फक्त विनोद जमतात, आणि रविवारी तेही जमले नाहीत. तुम्ही आल्या आल्या हात पुढे केलात आणि म्हणालात, “बघितलास? आता काय म्हणायचं ते म्हणून घे.” मी तीन तयार ठेवले होते. एकही आठवला नाही.

“मग पकड धर,” तुम्ही म्हणालात. “हात तुझे. डोकं चालवू नकोस, ते मी आणलंय.”

डावीकडे केसभर, उजवीकडे केसभर. “ओढू नको रे! दाढ आहे का दोरखंड?” तुमची बोटं नळीवर टेकलेली होती, नाडी बघितल्यासारखी. माझ्या हाताला काही जाणवत नव्हतं. तुम्ही म्हणालात, “सुटतेय,” आणि मग ती जी किंचाळली, की शेजारच्या बाई लाटणं घेऊन दारात, “कोण मारतंय कुणाला?” तुम्ही त्यांना शांतपणे सांगितलंत, “काही नाही, दाढ काढली. तुम्हाला काही दुखतंय का?” त्या दोन दिवस माझ्याशी बोललेल्या नाहीत.

हातांबद्दल एकदाच लिहितो. मला वाटलं होतं, बघून वाईट वाटेल. मला राग आला. एवढ्यासाठी तुम्ही इतके रविवार खिडकीत काढलेत? मला दोन हात आहेत आणि लेख लिहून झाला की दोन्ही रिकामे असतात. तारा मी ओवीन, तुम्ही ओरडा. हे एका दांडीपुरतं म्हणत नाही.

लेकीला मात्र तुम्हीच सांगा, आणि लवकर. मी आपणहून बोलणार नाही. पण तिनं विचारलं तर मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही. लग्नात त्याचाच त्रास झाला.

आता शेवटचं. काही वर्षांपूर्वी आपण सायकली घेऊन फिरायला गेलो होतो, त्या चढावर माझं मागचं चाक बसलं तेव्हा तुम्ही तुमच्या पिशवीतली ट्यूब काढून दिलीत. मी पैशांचं तोंडातून काढलं तर अंगावर आलात, “वाटेत घेतलेली ट्यूब ट्यूबनंच फेडतात.” आज त्याच मापाची आणली. पावडर लावून, तुम्ही घालता तशी घडी घातली आहे. नीट बसलेली नाही, पण घडीच आहे.

हे पत्र तुमच्या जिन्यात बसून पुरं करतोय. ट्यूबच्या पिशवीतच घालून दाराच्या कडीला अडकवीन. आत तुमच्या लेकीचा आवाज येतोय. मघाशी ती काहीतरी मोठ्यानं म्हणाली, आता तुम्ही हळूहळू काही सांगताय. शब्द ऐकू येत नाहीत, ऐकतही नाही.

बेल वाजवत नाही.

येतो.