संस्थापकांची खुर्ची

मंगळवार, ३ मार्च
आज सकाळी वाचनालयाची खिडकी पुसता पुसता चक्क शीळ घातली! क्लबातल्या सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. शताब्दीचं पुस्तक आलं आणि शेवटी आभारात माझं नाव — आडनावासकट! गावच्या शाळेतल्या हजेरीनंतर माझं नाव कुणी इतकं नीट लिहिलं नव्हतं. नव्या सभासदांना क्लब दाखवतो तो मीच ना. पोहण्याचा तलाव, वाफेची खोली, बिलियर्डची टेबलं, पत्त्यांचा दिवाणखाना, सगळ्याचा इतिहास तोंडपाठ.
मग चौथं पान उघडलं. वाचनालयातल्या 'संस्थापकांच्या खुर्ची'चा पानभर फोटो. देवा!

बुधवार, ४ मार्च
इथे तरी खरं लिहितो. ती खुर्ची संस्थापकांची नाही. भटारखान्यातली आहे! आचारी तिच्यावर बसून वाटाणे सोलायचा. एकोणीस वर्षांपूर्वी वाचनालयात एक कमी पडली म्हणून मीच उचलून आणली. मागचा पाय डुगडुगता, सुतार रजेवर, आणि एक वजनदार वकीलसाहेब नेमके तिच्यावरच बसायला लागले. पडतील म्हणून बोलून गेलो, "साहेब, तिच्यावर नको, संस्थापकांची आहे ती." साहेबांनी खुर्चीला नमस्कार केला! आठवड्यात भोवती मखमली दोरी. सुतार आला तर सेक्रेटरी गरजले, "ऐतिहासिक वस्तू आहे, हात लावायचा नाही!"
पाय अजून तसाच. हसावं की कान धरावेत?

गुरुवार, ५ मार्च
हिला सांगितलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "थाप मारायची ती खुर्चीची? एखादा बंगला तरी आपला म्हणायचा!" मग एकदम, "रोज देवापुढे हात जोडता, त्याला काय सांगता?"
"तो विचारत नाही."
"मी विचारतेय."

सोमवार, ९ मार्च
सेक्रेटरी म्हणाले, "काका, शनिवारी नव्या अध्यक्षबाई त्या खुर्चीवर बसून पदभार घेणार. दोरी तुम्ही सोडायची. मान तुमचा!"
मान कसला — पाय!
आचाऱ्याकडे धावलो. तो म्हणाला, "गप बस. तोंड उघडलंस तर पुस्तकातलं नाव जाईल, वर नोकरीही." नोकरीचं ऐकून घाबरलो. पण नावाचं ऐकून जास्त घाबरलो, याचीच लाज वाटली.

शुक्रवार, १३ मार्च
तीनदा सेक्रेटरींच्या दारापर्यंत गेलो, तीनदा परत आलो. उद्या सांगायचंच. नाव गेलं तर गेलं.

शनिवार, १४ मार्च
दोरी सोडली. "बाई, थांबा!" म्हणालो, पण बँडच्या दणक्यात कुणाला ऐकू जाईना. बाई बसायला वळल्या. त्यांच्या आधी मीच जाऊन बसलो — आणि काड्‌कन खाली! बँड थांबला. मागून आचारी ओरडला, "अरे, माझी खुर्ची मोडली!"
मग उठलोच नाही. जमिनीवर बसल्या बसल्या, सगळ्यांच्या देखत, वाटाण्यांपासून सगळं खरं सांगून टाकलं.