तुझ्या सिनेमातलं एक वाक्य

प्रिय चिऊ,

तुझे फोन येतात ते मला दिसतात. उचलत नाही, कारण तुझा आवाज ऐकला की मी विरघळते, हे तुलाही चांगलं ठाऊक आहे. शाळेपासून तेच चालत आलंय. माझी पेन्सिल तू हरवायचीस, रडायचीसही तूच, आणि समजूत मी घालायची. म्हणून लिहितेय. लिहिताना मला मध्येच कुणी ‘अगं पण ऐक ना’ म्हणत नाही.

आधी चांगलं ते सांगते. सिनेमा सुरेख झालाय. गाड्यांचा आवाज असा धरलाय की खुर्चीच्या पाठीतून अंगात शिरतो. तुझा नट माझ्या नवऱ्यासारखा दिसत नाही, पण चालतो अगदी तसाच, डावा खांदा किंचित पुढे काढून. माझ्या चष्म्याच्या दुकानाचं तू फुलांचं दुकान केलंस, तेही समजू शकते. नायकाने डोळे तपासायला येऊन प्रेमात पडणं पडद्यावर शोभत नसेल. तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा तक्त्यावरची अक्षरं वाचायची सोडून माझ्याकडेच बघत बसला होता आणि मी म्हटलं होतं, ‘इकडे नाही, भिंतीकडे.’ हे सांगितलं तेव्हा तू किती हसली होतीस. पडद्यावर तुझी नायिका म्हणते, ‘इकडे नाही, फुलांकडे.’ सगळं थिएटर हसलं. मीही हसले. तोवर मला हसू येत होतं.

तुला मी आधीच विचारलं होतं, चिऊ. सरळ विचारलं होतं, ही आमची गोष्ट आहे का? तू म्हणालीस, ‘छे गं. रेसिंग ड्रायव्हर आहे एवढंच. बाकी सगळं माझ्या डोक्यातलं.’ मग दोन तिकिटं पाठवलीस आणि वर आग्रह, बाबांनाही आण, त्यांना बरं वाटेल. तो गेल्यापासून आम्ही सासरे-सून दोघंच त्या घरात, वर खोल्या आणि खाली त्यांचं गॅरेज. बाबा एरवी कुठे निघत नाहीत. त्या दिवशी मात्र नखांतलं ग्रीस ब्रशने घासून काढलं, कोट घातला आणि मला दोनदा विचारलं, ‘पुढच्या रांगेत नाही ना गं? मान अवघडते.’ लग्नाला निघाल्यासारखे निघाले होते.

सुरुवातीला ते खुशीत होते. नायक गाडीत बसण्याआधी टपावर दोन टिचक्या मारतो, ते पाहून त्यांनी मला कोपराने ढोसलं. ‘बघ, आपला पोरगा असंच करायचा.’ नायकाचा बाप गॅरेजमध्ये भंगारातून पोरासाठी पहिली गाडी बांधतो, तेव्हा ते पुढे सरकून बसले. पाना उलटा धरलाय म्हणून पुटपुटले, पण चेहरा फुलला होता. मग ती न्हाणीघराची जागा आली.

ती येणार हे मला एक क्षण आधी कळलं. फरशी पाहून कळलं. हिरवी फरशी, एक कोपरा फुटलेला, जशी आमच्याकडे आहे. तुझा नायक टबाच्या कडेवर बसलेला, अंगात रेसचा पोशाख, छातीपर्यंत उघडा, आणि हात इतके थरथरतात की चेन वर ओढता येत नाही. आधीच्याच शर्यतीत त्याच्या डोळ्यांसमोर सोबत्याची गाडी जळाली होती, तेव्हापासूनची ती थरथर. खऱ्या आयुष्यात त्याने माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, ‘एवढं लावून दे.’ मी लावून दिली. मी म्हटलं, नको जाऊस. तो म्हणाला, ‘आता नाही म्हणता येत नाही. बाबांना कळू देऊ नकोस.’ बस, एवढंच. तो गेला आणि तिसऱ्या वळणावर गाडी भिंतीवर आदळली. त्या न्हाणीघरात आम्ही दोघंच होतो. तो गेल्यावर त्यातलं जे उरलं ते माझ्याकडे होतं, आणि मी ते एका माणसाजवळ बोलले. तुझ्याजवळ.

तुला आठवतं का कधी बोलले ते? तू एक पिशवी घेऊन आली होतीस आणि राहिलीस. माझे केस विंचरायचीस, सूप भरवायचीस, खाली गादी टाकून झोपायचीस. माझी सख्खी बहीण दोन दिवसांत परत गेली, तू राहिलीस. त्या दिवसांत मी कशी जगले ते कुणी विचारलं की मी तुझं नाव सांगायचे. आता ते दिवस आठवायला गेले की मधेच अडखळते. तू माझा हात धरून रडत होतीस ते खरं होतं, अशी माझी अजूनही खात्री आहे. पण रडता रडता तू फरशीचा फुटलेला कोपराही लक्षात ठेवत होतीस. एकाच वेळी ही दोन्ही कामं माणसाला कशी जमतात, हे मला कळत नाही.

सिनेमात चेन वर जाते तेव्हा तू संगीत घातलंयस. माझ्या मागच्या रांगेतली बाई हुंदके देऊ लागली. बाबांचा हात आमच्या खुर्च्यांमधल्या दांडीवर होता, तो त्यांनी उचलून मांडीवर घेतला. त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तुझा नायक मरताना नायिकेचं नाव घेतो. आपला काहीच बोलला नव्हता, दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला होता, पण ते असो. दिवे लागले, लोक उठले, बाबा बसूनच राहिले. पडद्यावरून वर सरकणारी नावं शेवटपर्यंत वाचली. झाडूवाला येऊन उभा राहिला तेव्हा म्हणाले, ‘त्याचं नाव कुठेच नाही.’

बसस्टॉपवर त्यांनी विचारलं, ‘तुला माहीत होतं?’

मी म्हटलं, ‘हो.’

‘आणि तुझ्या त्या मैत्रिणीला?’

‘हो.’

बस येतेय का ते पाहायला ते रस्त्याकडे वळले. मग म्हणाले, ‘म्हणजे मलाच नव्हतं.’

माझ्यावर ओरडले असते तर मी सोसलं असतं. गेली तीन वर्षं हा माणूस गिऱ्हाइकांना सांगत आलाय की माझ्या पोराला भीती कशी ती माहीत नव्हती. त्याच वाक्यावर त्यांनी स्वतःला उभं ठेवलं होतं. आणि मी रोज समोर बसून, चहा ओतत, ते ऐकून घेत होते. का, तर मी त्याला शब्द दिला होता. आता त्यांच्या लेखी मी तीन वर्षं त्यांना वेड्यात काढत आलेली बाई आहे. मी सांगितलं नाही म्हणून, आणि सांगितलं तेही तुला म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी तुला फोन केला होता. तू म्हणालीस, ‘कथेला त्याची गरज होती गं. आणि तू ओळखलंस, बाकी कुणाला कळणार?’ मी म्हटलं, बाबांना कळलं. तू म्हणालीस, ‘पण किती हळुवार घेतलंय मी ते, पाहिलंस ना?’ पाहिलं. हळुवार घेतलंस, पण घेतलंस. मागितलं असतंस तर कदाचित दिलंही असतं मी, इतकी मी तुझ्या बाबतीत भोळी आहे. परवा टीव्हीवर मुलाखतीत तू आधी म्हणालीस, सगळी पात्रं काल्पनिक आहेत, आणि पाचच मिनिटांनी म्हणालीस, एका जिवलग मैत्रिणीच्या दुःखातून हे सुचलं. समोरची बाई कौतुकाने मान हलवत होती. मी टीव्ही बंद केला.

बाबा आता गॅरेज उघडतात, पण काम हाती घेत नाहीत. त्याच्या पहिल्या गाडीचा सांगाडा मागच्या भिंतीशी उभा आहे, त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसतात. माझ्याशी बोलतात ते भाजी आणि गॅसपुरतं. मला वाटलं होतं, असंच चालणार. पण काल जेवताना त्यांनी एकदम विचारलं, ‘तो ते गाडीचं म्हणाला होता का खरंच?’ कशाबद्दल विचारतायत ते मला लगेच कळलं. न्हाणीघरातून निघताना तुझा नायक दारात थांबून म्हणतो, ‘मला भीती या गाडीची वाटते. बाबांनी बांधलेल्या गाडीत कधी वाटली नव्हती.’ चिऊ, हे तो म्हणाला नव्हता. हे तुझं आहे. अख्ख्या सिनेमात तुझं स्वतःचं, माझ्याकडून न उचललेलं बहुधा हे एकच वाक्य असेल. मी बाबांना म्हटलं, ‘हो, म्हणाला होता.’ त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, सिनेमानंतर पहिल्यांदाच, आणि मान हलवली. म्हणाले, ‘तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस. तिलाच जाऊन विचारतो. तिने निदान काही लपवलं तरी नाही.’

तर ते येत्या गुरुवारी सकाळच्या बसने तुझ्याकडे येतायत. तुझा पत्ता त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला आणि कोट इस्त्रीला टाकला. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. त्यांना माझा शब्द पुरत नाही, तुझा पुरेल. खरं बोलणारी म्हणून त्यांनी तुला निवडलंय. त्यांना आत घे, बसव, पाणी दे. ते फार वेळ घेणार नाहीत, एकच गोष्ट विचारतील. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत बघून सांग की ते वाक्य माझ्या तोंडून तू ऐकलंस, त्याच दिवसांत, शब्दाला शब्द, आणि सिनेमात जसंच्या तसं घातलंस. अडखळू नकोस. कथेची गरज वगैरे बोलू नकोस. माझं जे खरं होतं ते सगळं तू जगाला सांगून टाकलंस, आता एवढं एक खोटं त्या एका माणसाला सांग. त्यानंतर आपण एकमेकींना काही सांगितलं नाही तरी चालेल.

नाइलाजाने तुझीच,
चष्मेवाली