हिशेब खात्यातून पाळणाघरात

सोलापूर, १० ऑगस्ट १९७४

प्रिय अक्कम्मा,

तुझं पत्र पोचलं. त्यात अक्कलकोटचा बाजार आहे, वहिनीची तब्येत आहे, तुझ्या बसूला आलेले दात आहेत; तू मात्र कुठेच नाहीस. म्हणून आज मीच माझ्याबद्दल लिहिते.

बातमी अशी, की मिलच्या हिशेब खात्यातली खुर्ची मी सोडली. आता कामगार कल्याण खात्यात बसते. आमचे आण्णा माळशिरसहून मुद्दाम आले आणि जेवताना एवढंच म्हणाले, "बी. कॉम. शिकलीस ती आयाबायांची भांडणं मिटवायला व्हय?" माझी बढती तोंडाशी आली होती, हे त्यांना ठाऊक होतं. मला त्यांना काही नीट सांगता आलं नाही. तुला सांगते.

उन्हाळ्यात पगारातली एक चूक निस्तरायला मी पहिल्यांदाच वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळतात तिथे, गेले. तोवर तिथल्या बायका माझ्यासाठी नुसती नावं होती. चंद्रव्वा नावाच्या बाईच्या यंत्राजवळ, बॉबिनच्या टोपलीत, तिचं तान्हं झोपलं होतं. पापण्यांवर कापसाचे तंतू चिकटलेले. मी घाबरून विचारलं, "अगं, इथे का?" ती म्हणाली, "घरी कोन बगणार, आक्का? हितं डोळ्याम्होरं तरी ऱ्हातंय की." आवारात पाळणाघर होतं, पण त्याला कुलूप. टेबलाशी परतले, तर आकड्यांत मन लागेना. त्याच आठवड्यात बदलीचा अर्ज दिला.

सुरुवात मात्र फजितीची झाली. कुलूप काढलं, खोलीला रंग दिला, पाळणे धुऊन घेतले, आणि एकही बाई मूल घेऊन आली नाही. उलट मी दिसले की टोपल्यांवर पदर पडायचे. हापिसातली बाई, साहेबाला सांगेल, ही भीती! शेवटी एका रविवारी चंद्रव्वाच्या चाळीत गेले. तिने चहा दिला, मग म्हणाली, "आदीची आया पोरांना मारायची. पोरगं कानडीत पाणी मागायचं, तिला कळायचं न्हाय. तितं कोन बसणार, ते सांगा आदी."

तेव्हापासून दुपारी मीच तिथे बसते. आता काही मुलं येतात, चंद्रव्वाचंही येतं. पण मला कानडी येत नाही, आणि मूल मांडीवर घेतलं की तेच मला सांभाळतंय असं वाटतं. तरी सांगते, इतकी दमून आणि इतकी खुशीत मी कधी घरी गेले नव्हते.

अक्कम्मा, पाळणाघरासाठी बाई नेमायची आहे. साहेबांनी ते माझ्यावर सोपवलंय आणि मी तुझं नाव सांगून आले. दया म्हणून नव्हे. कानडी तर तुझी घरचीच. वसतिगृहात लहान मुली घरच्या आठवणीने रडायला लागल्या की तुझ्याच अंथरुणात शिरायच्या, हे मी पाहिलंय. नवऱ्याने दुसरा संसार थाटला, त्यात तुझा काय दोष? आणि भावाच्या घरात मान खाली घालून किती दिवस राहशील? हे विचारणार नव्हते, पण विचारलंच. चाळीत एक खोली बघून ठेवली आहे. बसूला घेऊन ये. तू काम करशील तिथेच तोही खेळेल. सोमवारी सकाळी मी एसटी स्टँडवर उभी असेन. तेव्हा नाही जमलं, तर पुढच्या सोमवारी पुन्हा उभी राहीन.

वाट पाहणारी तुझीच,
मायाक्का