मुठीतलं घड्याळ

बाई, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुमचं घड्याळ माझ्याकडे आहे. ते अजून चालतं, पण मी ते वापरत नव्हते. गेल्या आठवड्यापासून पुन्हा वापरते, आणि तुमच्यासारखंच मुठीत धरते. मला भीती वाटते आहे, आणि ती दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

शाळेच्या मैदानावर तुम्ही पदर खोचून, साडीखाली कॅनव्हासचे पांढरे बूट घालून उभ्या असायचात. शेवटची फेरी संपवून आम्ही तुमच्यासमोरून गेलो की घड्याळ थांबवायचात, एकदा बघायचात आणि मूठ मिटायचात. दुसऱ्या शाळेचे सर आकडे ओरडून सांगत. मी एकदा विचारलं, ‘बाई, माझी किती?’ तुम्ही म्हणालात, ‘कळून काय करणार? कुणाला तरी सांगशील.’ मग तुम्ही घरी नेऊन पेज वाढलीत, ते अजून डोळ्यांसमोर आहे. खाडीकडच्या तुमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे, तिच्यातून भाताची खाचरं दिसतात. शाळेत तुम्ही पाणी म्हणता, घरी पानी. ‘आधी पानी पी, मग पेज.’ मी पिते. खिडकीत मिठाची बरणी आहे, तिच्याशेजारी पूर्वी आमच्या वेळा लिहिलेली तुमची वही असायची. आता ती तिथे नाही. ती का नाही, हे मला माहीत आहे.

मी आता वसईत मुलींना धावायला शिकवते. त्यांतली एक सतरा वर्षांची आहे, फुलपाड्याची. दहा किलोमीटर धावते. वडील सातिवलीला कारखान्यात मशीनवर आहेत. आता वेळ मोजायला तुमचं घड्याळ लागत नाही. मनगटावरचा पट्टा मोजतो आणि फोनवर टाकतो: किती अंतर, किती मिनिटांत, कुठल्या रस्त्यानं, छातीचे ठोके किती. ते सगळ्या जगाला दिसतं. धावणारे सगळेच टाकतात, एकमेकांना शाबासकी देतात. तिचं मी रोज टाकत होते. अभिमान होता मला. खाली एखादी ओळही लिहायचे. तीन आठवड्यांपूर्वी लिहिलं, ‘डाव्या नडगीत दुखतंय, आज हळू.’

दुसऱ्या सकाळी मैदानाच्या भिंतीपाशी एक माणूस उभा होता. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात चहाचा ग्लास. ‘मॅडम, नडगी कशी आहे?’ मला वाटलं, कुणाचा तरी पालक. ‘कुणाची?’ ‘आपल्या पोरीची.’ आपल्या, असं म्हणाला. मी म्हटलं, बरी आहे. ‘बरी म्हणजे शर्यतीला उतरणार ना? नाय, टेन्शन नका घेऊ. पोरं विचारतात म्हणून.’

याचा अर्थ तिच्या वडिलांनी सांगितला. ‘मॅडम, आमच्याकडे पोरीवर सट्टा चालतो.’ ते हसत होते. क्रिकेट नसलं की लोक कशावरही लावतात, म्हणाले, मग रस्त्यावरची शर्यत का नको? फोनवर ग्रुप आहे. ती पहिली येते की नाही, किती मिनिटांत येते, मुळात उतरते की नाही. ‘सगळे तुमचंच वाचतात. म्हणतात, मॅडमची बातमी पक्की.’ मग त्यांचं हसू गेलं. आदल्या संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर ओळख काढून एकानं त्यांना बाइकवर घरी सोडलं होतं. थेट बिल्डिंगच्या दारात. ‘मी पत्ता सांगितलाच नव्हता, मॅडम.’ पोरगी सकाळी घरातून निघतानाच पट्टा चालू करते. रोजचा नकाशा त्या दारापासून सुरू होतो. तो मी रोज टाकत होते.

त्या दिवशी मी सगळं पुसलं. दुसऱ्या सकाळी माणूस म्हणाला, ‘पुसलंत होय? असू दे, आम्ही फोटो काढून ठेवलेत. आता रोज येऊन विचारावं लागणार, एवढंच.’ आणि तो येतो. आवाज चढवत नाही. जाताना रिकामा ग्लास भिंतीवर ठेवतो. पोलिसांत जाऊन काय सांगू? एक माणूस रोज मुलीची तब्येत विचारतो?

पण बाई, तो माणूस निदान भिंतीच्या बाहेर आहे. सोमवारी पोरगी शेवटच्या दोन फेऱ्यांत मागे पडली. ‘दुखतंय?’ ‘नाही, मॅडम.’ पूर्वी मी एवढंच बघायचे की धावायला मिळावं म्हणून ही दुखणं लपवते का. आता मनात आलं, ही कुणाच्या सांगण्यावरून हळू धावली का? तिच्या पायांत नवे बूट होते. मामानं दिले म्हणाली. मी मामाचं नाव विचारलं, गाव विचारलं. इतक्या वर्षांत कुठल्या मुलीला असं विचारलं नव्हतं. काल नडगीवर अंगठा दाबला तर तिनं श्वास रोखला. दुखणं हाडात आहे. आज मी तिला सांगितलं की रविवारच्या शर्यतीत उतरायचं नाही, आधी डॉक्टर. ती रडली नाही. शांतपणे म्हणाली, ‘मॅडम, कोणी सांगितलं तुम्हाला?’ ‘कोण सांगणार? मी पाय बघितला ना.’ ‘हं,’ म्हणाली, आणि माझ्या बुटांकडे बघत राहिली.

जत्रेतली शर्यत तुम्हाला आठवत असेल. खाडीच्या बांधावरून मुली धावायच्या आणि बांधावर बसलेली माणसं आमच्यावर पैसे लावायची. त्या वर्षी आपली उंच मुलगी जिंकणार होती. बांधाच्या वळणावर तिच्या पुढ्यात कुणीतरी सायकल घातली, ती पडली, गुडघा फुटला. सगळे म्हणाले, चुकून झालं. तुम्ही म्हणालात, तिची वेळ कुणीतरी बाहेर सांगितली. आदल्या दिवशी सोड्याच्या दुकानावर, जिथे ते पैसे घेतले जायचे, आम्हा दोघींना तुम्ही पाहिलं होतं. तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, ‘तिनंच सांगितलं ना?’ मी खाली बघितलं. तुम्ही ते हो समजलात. त्यानंतर ती मैदानावर आली नाही, आणि तुम्ही घड्याळ मुठीत धरायला लागलात.

तुमच्या शेवटच्या आजारपणात मी आले, तेव्हा सांगणार होते. तुम्ही उशीखालून घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलंत. म्हणालात, ‘तू कुणाला सांगत नाहीस, म्हणून तुला.’ मी ते घेतलं.

उद्या फुलपाड्याला जाऊन पोरीला सांगणार आहे की नडगीचं मी लिहिलं, घराची वाट मी दाखवली. दार उघडेल का, माहीत नाही. हे पत्र घड्याळाच्या डबीत ठेवते. त्या जत्रेआधी एकदा तुम्ही पेज गाळायला उठलात तेव्हा खिडकीतली वही मी उघडली होती. उंच मुलगी सोडेवाल्याला काहीच बोलली नाही. तो मला म्हणाला, ‘आकडा सांग, सोडा फुकट.’ मी सांगितला. सोडा लिंबाचा होता, आणि अर्धा मी तिला दिला.