स्टोव्हजवळची खाट

पेल्की, २० जून १९८३

चि. सिल्वीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. डासांनी आम्हांला उभं सोललंय, बाकी सगळं क्षेम. तुझी काकू तुझ्या वाटणीचीही वेलचीची पोळी भाजते आणि मग ती मला खावी लागते. बघ माझे हाल.

माझा भाऊ आर्वो गेल्यावर शिकारीच्या कॅम्पमधली त्याची स्टोव्हजवळची खाट तुझीच. रीत तुला ठाऊक आहे. हरणाची शिकार सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, चौदा नोव्हेंबरच्या संध्याकाळी, वारसाने येऊन खाटेवर अंथरूण घालायचं आणि उशाशी रायफल टांगायची. त्या रात्री खाट रिकामी राहिली तर ती कायमची गेली, मग कॅम्पचा मुख्य देईल त्याची. तेव्हा चुकू नकोस. इतकी वर्षं बापामागे फिरून डबे वाहिलेस, आता खाटेवर लोळ.

रायफलचं विचारलंस. आर्वोची जुनी बोल्टची रायफल तुझ्या कामाची नाही. तुझ्या शाळेच्या बसच्या पायरीवरून घसरून खांदा मोडून घेतलास, त्यावर तिचा एक धक्का बसला तर पुढची शिकार तू दवाखान्यात करशील. सेमी-ऑटोमॅटिक घे. धक्का निम्मा, आणि दुसऱ्या बाराला हात हलवावा लागत नाही, नुसता चाप ओढायचा. म्हाताऱ्याचं ऐक.

खुशाली कळवत जा. काकाची आठवण असू दे.
तुझा, वायनोकाका


इश्पेमिंग, ९ जुलै १९८३

ति. वायनोकाकांस,
सिल्वीचा सा. न. वि. वि.

शाळांना सुट्टी, म्हणून बसलाही सुट्टी आणि मलाही. परवा दुकानात जाऊन दोन्ही रायफली खांद्याला लावून पाहिल्या. तुमचं म्हणणं पटतं, पण मन घेत नाही. बाबा सेमी-ऑटोवाल्यांना पॉपकॉर्नवाले म्हणायचे. त्यांची रायफल कपाटात आहे. दार उघडलं की तेलाचा वास येतो आणि मी पुन्हा दार लावते. एक मन म्हणतं, दस्ता थोडा कापून, जाड रबर लावून तीच घेऊन यावं. दुखला खांदा तर दुखला.

दुसरं म्हणजे, कॅम्पमधल्या मंडळींना चालेल का? आधीच मी तिथली पहिली बाई. त्यात नवी बंदूक नाचवत आले असं नको व्हायला. ती खाट मला हवी आहे, काका. हॉस्पिटलात मला बाबांशी नीट बोलता आलं नाही. तिथे झोपले तर काहीतरी बोलल्यासारखं होईल असं वाटतं. हसू नका.

तुम्ही सांगाल तसं करीन. काकूस नमस्कार.
आपली, सिल्वी


पेल्की, २ ऑगस्ट १९८३

चि. सिल्वीस,
अ. आ.

हसलो नाही. डोळे पुसले आणि मग लिहायला बसलो.

कोण काय म्हणणार? सरकारचा कायदा चालवून घेतो आणि कॅम्पचा मुख्य मी. कुणी तोंड उघडलं तर त्याला भांडी घासायला बसवीन. आर्वोच्या रायफलचा दस्ता मात्र कापू नकोस, त्याचा आत्मा तळमळेल. तीच इकडे आणून दे. मी साफ करून ठेवतो. कॅम्पच्या दारावर टांगू, म्हणजे येता-जाता तो दिसेल.

बिनघोर नवी घे आणि सराव कर. आर्वोच्या जागी मी आहे असं समज.
माया आहेच, ती वाढावी.
वायनोकाका


इश्पेमिंग, १६ नोव्हेंबर १९८३

ति. सौ. सायमाकाकूस,
सिल्वीचा शि. सा. न.

काकू, सप्टेंबरात बाबांची रायफल तुमच्याकडे ठेवून गेले तेव्हा तू मला कॉफीवर कॉफी पाजलीस आणि माझ्याकडे बघेनास. तेव्हा वाटलं, तुझी कंबर दुखत असेल.

परवा संध्याकाळी अंथरूण, खिमा-बटाट्याच्या पेस्टींचा डबा आणि नवी रायफल घेऊन कॅम्पवर पोचले. सौनाच्या न्हाणीघराचा धूर दिसला आणि गाडीतच रडू आलं. आत गेले तर सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले. म्हातारा एमिल म्हणाला, की पोरी, या कॅम्पात फक्त बोल्टची चालते, मे महिन्यात छपराच्या कामाला जमलो तेव्हाच ठरलंय. आणि वर म्हणाला, की तुला काकांनी दोनदा कळवलं तरी तू हट्टाने हीच घेतलीस, मग आता रडून काय उपयोग.

मी काकांकडे बघितलं. ते कपात बघत होते. मी म्हटलं, काका, सांगा ना यांना. ते म्हणाले, नियम तो नियम. बाबांची रायफल मागितली, तर म्हणाले की तिची साफसफाई पुरी झालेली नाही. त्या अंधारात दुसरी बोल्टची मी कुठून आणणार होते? अंथरूण काखेत मारून परत आले.

नियम कुणी काढला, काकू? मला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा तूच सांग.
सिल्वी


पेल्की, २४ नोव्हेंबर १९८३

चि. सिल्वीस,
काकूचे अनेक आशीर्वाद.

आज थँक्सगिव्हिंग. सगळे जेवून पेंगताहेत, तेवढ्यात लिहिते.

नियम यांनीच काढला. गेल्या साली पलीकडच्या कॅम्पातल्या कुणी धडाधड बार काढून एमिलच्या डोक्यावरची फांदी उडवली, ते निमित्त झालं. सगळ्यांनी लगेच हात वर केले. तुझी खाट आमच्या जावयांना, डेलना मिळाली. ते पडले मोठ्या पुलाच्या दक्षिणेकडचे, थंडीला भितात, पण कॅम्पात जागा मिळाली तर दर वर्षी कारिनला आणि मुलांना घेऊन येईन असं म्हणाले होते. रायफल तुझ्या बाबांचीच होती त्यांच्या हातात. पंधराला शिंगांचा नर हरीण समोर उभा, तरी नेम चुकला. नेम चुकणाऱ्याच्या रीतीप्रमाणे त्यांच्या शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीवर ठोकलं, सगळे खूप हसले.

तुला राग येणं साहजिक आहे. पण तू एकटी आहेस, तुला कुठेही शिकार करता येईल. मला माझी लेक वर्षातून एकदा तरी दिसायला नको का? हे म्हणतात, पुढच्या साली सिल्वीला स्वयंपाकाला बोलवू, म्हणजे तीही येईल आणि तंटाही राहणार नाही. मनात अढी धरू नकोस. गोठलेल्या रस्त्यावर बस जपून चालव.
तुझी, सायमाकाकू


इश्पेमिंग, १ डिसेंबर १९८३

श्री. वायनो कांगस यांस,

काकूचं पत्र मिळालं. स्वयंपाकाला येणार नाही.

तुम्हाला जावयासाठी खाट हवी होती, तर माझ्याकडे मागायची होतीत. मी रडले असते, भांडले असते, आणि कदाचित कारिनकडे बघून दिलीही असती. तुम्ही मागितली नाहीत. माझ्या मोडक्या खांद्याची काळजी केलीत. बाबांशी बोलायचंय हे मी जगात फक्त तुम्हाला सांगितलं होतं, आणि ते वाचून तुम्ही त्यांची रायफलही मागून घेतलीत.

बाबा बोल्ट का सोडत नसत हे आता कळलं. एक बार झाला की बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, परत डोळा लावायचा. तेवढ्यात समोर कोण उभं आहे ते पुन्हा एकदा दिसतं. तुम्ही रागाच्या भरात एका दमात सगळं केलं असतंत, तर म्हटलं असतं, माणूस आहे, चुकला. पण तुम्ही जूनमध्ये लिहिलंत, मग थांबलात, माझं पत्र वाचलंत आणि ऑगस्टात परत लिहिलंत. मी तुम्हाला चांगली स्पष्ट दिसत होते.

येत्या रविवारी मी बाबांची रायफल न्यायला येते. काकूला ती ओसरीवर आणून ठेवायला सांगा. तुम्ही बाहेर येऊ नका. समोर दिसलात तर सवयीने तोंडातून 'काका' निघेल, आणि ते मला नको आहे.

सिल्वी कांगस